चौकोनांमागची अक्षरे

लग्नपत्रिका, मंडळाचा वार्षिक अहवाल, वास्तुशांतीचे निमंत्रण, फार काय श्राद्धतिथीची यादीसुद्धा आता घरच्या संगणकावर तयार होते. छापखान्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. परंतु एका घरी सुबक दिसणारा मजकूर दुसऱ्या घरच्या संगणकावर उघडला की त्याचे रूप पालटते, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. कोठे रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कोठे ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरतात, कोठे मुद्द्यांपूर्वी घातलेल्या बाणांच्या जागी भलतीच चिन्हे येऊन बसतात. या महिन्यात त्याविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले, त्याला कामरेजहून आलेले एक पत्र कारण झाले.

कामरेज हे सुरतेजवळचे, तापीकाठचे गाव. आता तेथे महामार्गाची वर्दळ आहे. संस्थानी काळात ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील तालुक्याचे ठिकाण होते, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथील कचेरीचा संबंध बडोद्याशी होता. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे मामंजी तरुणपणी त्याच कचेरीत कारकून होते. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी वहीत लिहून काढल्या आणि १९९९ साली सुरतेतील एका दुकानातून त्या संगणकावर टंकून घेतल्या. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. तेव्हा हे कुटुंब सुरत शहरात राहत होते. तळमजल्यावरील कपाटाबरोबर वही गेली. मामंजीही पुढे दोन वर्षांनी गेले. वडोदऱ्यास नणंदेकडे एक सीडी होती, तेवढी उरली.

मामंजींच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांतील काही पाने कुटुंबमेळाव्यात वाचून दाखवावीत, असे मुलानातवंडांनी योजिले. सीडी उघडली तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस! एका जाणत्या तरुणाने पाहून सांगितले की फाईल बिघडली आहे, काढून टाका. भगिनी लिहितात, "वही पाण्याने नेली, आता हेही आपल्याच हाताने पुसायचे काय? कळ दाबण्यापूर्वी आपणांस विचारावे म्हणून लिहिते."

त्यांनी ती कळ दाबली नाही हे फार बरे झाले. फाईल बिघडलेली नव्हतीच.

असे का होते हे समजण्यास जुन्या छापखान्याचे उदाहरण उपयोगी पडेल. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेली होती. तेथील खिळाजुळारी समोरच्या पेटीतील खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. कोणत्या खणात कोणता खिळा हे त्याच्या बोटांना पाठ असे. आता समजा, रात्रीतून कोणी ती पेटी उचलून नेली आणि तिच्या जागी तितक्याच खणांची इंग्रजी खिळ्यांची पेटी ठेवली. जुळारी सवयीने त्याच खणांत हात घालील, हात कोठेही चुकणार नाही, पण जुळेल ते निरर्थक इंग्रजी. संगणकाची फाईल म्हणजे त्या जुळाऱ्याच्या हालचालींची नोंद होय. तिच्यात अक्षराचा आकार नसतो, केवळ खणाचा क्रमांक असतो. आकार असतो तो फॉन्टमध्ये, म्हणजे पेटीत. पेटी नसली तर संगणक हाती येईल ती दुसरी पेटी पुढे ओढतो.

इंग्रजीला याचा त्रास फारसा झाला नाही, कारण कोणत्याही इंग्रजी पेटीत एकाच खणात एकच अक्षर असते. आपली गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या काळात एका फॉन्टात खण अवघे २५६, त्यांतीलही काही राखीव. स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार, शिवाय क्ष, ज्ञ, त्र यांसारखी जोडाक्षरे इतक्या थोड्या जागेत बसवायची म्हणजे तारेवरची कसरत. प्रत्येक निर्मात्याने ती आपापल्या पद्धतीने केली आणि देवनागरी खिळे रोमन अक्षरांच्या खणांत आपल्या मर्जीने मांडले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावे त्या काळी टंकलेखनाच्या प्रत्येक दुकानात ऐकू येत. गुजराती मजकुरासाठी एलएमजी अरुण, टेराफॉन्ट वरुण यांची चलती होती. एकाचा मांडणीक्रम दुसऱ्याशी जुळत नसे.

कामरेजच्या भगिनींकडून फाईलची एक प्रत आम्ही मागवून घेतली. वर्डमध्ये मजकुरावर नुसते टिचकावले तरी फॉन्टच्या पट्टीत फॉन्टचे मूळ नाव दिसते, तो फॉन्ट संगणकावर नसला तरीसुद्धा. येथे नाव निघाले कृतिदेव. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला तर फाईलमध्ये प्रत्यक्षात धाकटी ई, जे, के, थोरली बी आणि धाकटी एच ही पाच रोमन अक्षरेच साठतात. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. भगिनींनी पाठविलेल्या पहिल्या पानावर ही पाच अक्षरे याच क्रमाने तीनदा आलेली होती. पेटी बदलली होती, जुळाऱ्याचा हात शाबूत होता. फॉन्ट संगणकावर चढविला आणि पाने वाचता येऊ लागली.

येथे वाचकांनी एक परीक्षा शिकून घ्यावी. बिघडलेला मजकूर कसा दिसतो यावरून तो वाचणार की गेला हे बव्हंशी कळते. रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, बहुधा फक्त फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या पाठोपाठ चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ, अशी जोडी पुनःपुन्हा दिसत असेल तर मजकूर नव्या पद्धतीचा आहे पण संगणक तो जुन्या पद्धतीने वाचीत आहे. फाईल उघडताना सांकेतिक पद्धत 'यूटीएफ-८' निवडली की तो पूर्ववत होतो. चौकोन दिसत असतील तर क्रमांक सुरक्षित आहेत, समोरच्या पेटीतील तो खण मात्र रिकामा आहे. योग्य पेटी शोधावी लागेल. परंतु अक्षरागणिक प्रश्नचिन्ह उमटले असेल तर मात्र वाईट. कोणी तरी देवनागरी न सामावणाऱ्या पद्धतीने ती फाईल जतन केली, आणि संगणकाने मूळ क्रमांक टाकून देऊन त्या जागी खरोखरीची प्रश्नचिन्हे लिहिली. त्या फाईलमधून मजकूर परत मिळत नाही, जुनी प्रत असेल तर ती शोधावी. म्हणूनच, विचित्र दिसणारी फाईल 'जतन करू का' असे संगणकाने विचारले तर 'नको' म्हणावे, आणि सारे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत.

फॉन्ट सापडला म्हणजे काम झाले असे नाही. आज आहे तो उद्याच्या संगणकावर नसेल, फोनवर तर नसतोच. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये नेणे हा टिकाऊ उपाय. युनिकोडने केले ते असे की पेट्यांची भांडणे मिटवून जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला. देवनागरीस सलग १२८ घरे मिळाली, आणि त्यांची मांडणी भारतात आधीच ठरलेल्या 'इस्की' या प्रमाणावरून घेतलेली आहे. देवनागरी 'क' २३२५, गुजराती 'ક' २७०९. अंतर ३८४. आता आपला 'ळ' आणि गुजराती 'ળ' यांतील अंतर पाहावे, तेही ३८४! भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्याने त्यांना समांतर घरे देता आली. गुजरातेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या मंडळींना याचे नवल वाटू नये. 'ळ' म्हणताना आपल्या शेजाऱ्याची जीभ अडत नाही, हे आपण रोजच अनुभवतो.

जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने पुष्कळ आहेत, त्यांतील कित्येक फुकट मिळतात. (घरच्या मिळकतीचे कागद मात्र अनोळखी ठिकाणी चढवू नयेत.) ही साधने नव्वद-पंच्याण्णव टक्के काम चुटकीसरशी करतात, आणि उरलेल्यासाठी रात्री जागवितात. कारण असे की जुन्या फॉन्टात अक्षरे दिसण्याच्या क्रमाने टंकीत आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवितात. 'किती' लिहिताना जुना टंकलेखक आधी पहिली वेलांटी टंकी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट: डोळ्यांना तो शेवटी दिसतो, उच्चारात आधी येतो. या दोन ठिकाणी साधन अडखळले की वेलांटी आधारावाचून लोंबकळते आणि तिच्या शेजारी ठिपक्याठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तपासताना असे वर्तुळ शोधून काढावे, म्हणजे चुका एका ठिकाणी सापडतात. मजकुरातील खरोखरीचे इंग्रजी शब्दही साधन इमानाने 'मराठीत' आणते. मामंजींच्या आठवणींत 'रेव्हेन्यू' हा शब्द तेवढा इंग्रजीत होता. त्याचे जे झाले ते येथे छापण्याजोगे नाही.

दुकानातील टंकलेखकास मराठीची सवय नसावी. 'आचाऱ्यांनी शंभर पाने वाढली' या वाक्यात सर्वत्र 'आचार्यांनी' असे झालेले होते, आणि सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या 'र'ने संगणकावरही मराठीजनांना बराच काळ सतावले. आजही तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता दिलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका रीतीने लिहिलेला 'तऱ्हा' दुसऱ्या रीतीने शोधला तर संगणक 'सापडत नाही' म्हणून मोकळा होतो. 'ॲ'ला तर स्वतःचे घर २००८ साली मिळाले. मराठी वळणाच्या ल आणि श यांसाठी महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला, तरी परप्रांतातील दुकानांत हिंदी वळणाचेच फॉन्ट पुढे येतात. पत्रिका छापण्यास देताना मराठी वळणाच्या फॉन्टाचे नाव आपणच सांगावे. त्यात संकोच कसला?

आता चिन्हांविषयी. विंगडिंग्ज, वेबडिंग्ज, सिम्बॉल या नावांचे जे फॉन्ट आहेत त्यांत अक्षरे नसून बाण, फुल्या, हात, ग्रीक अक्षरे असतात. १९९२ सालच्या विंडोजबरोबर विंगडिंग्ज घरोघर पोचला. त्यात थोरल्या जे-च्या खणात हसरा चेहरा ठेवलेला आहे. ज्यांना पत्रातील वाक्यानंतर उगाच एक सुटी 'जे' दिसते, त्यांनी ती धाडणाऱ्याचे हसू समजावी. अशा चिन्हफॉन्टांच्या खणांना युनिकोडमधील खासगी वापराच्या ६,४०० घरांपैकी काही घरे देण्याची रीत पडली. खासगी याचा अर्थ असा की त्या घरात काय ठेवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. साहजिकच तो फॉन्ट नसला की दुसऱ्या कोणत्याच फॉन्टास त्या घरात काय होते हे ठाऊक नसते, आणि चौकोन उमटतो.

रुपयाच्या चिन्हाचेही सुरुवातीस असेच झाले. उदयकुमार यांनी रेखाटलेले '₹' सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. लोकांना धीर कोठला? काही दिवसांतच एक फॉन्ट निघाला आणि त्यात टॅबच्या वरच्या कळेवर, उलट्या स्वल्पविरामाच्या खणात, हे चिन्ह ठेवलेले होते. व्यापाऱ्यांनी हौसेने बिले काढली. ज्याच्याकडे तो फॉन्ट नव्हता त्याला रकमेपूर्वी नुसता एक तिरका फराटा दिसे. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडने ८३७७ हा क्रमांक दिला, तेव्हा कोठे रुपया स्थिरावला. जुनी बिले मात्र फराट्यांसह तशीच राहिली.

मामंजींच्या आठवणींत नेमकी अशीच एक अडचण उरली. सारा मजकूर वाचता आला, पण हिशेबाच्या पानांवर अधूनमधून चौकोन. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे येण्यापूर्वी आपल्याकडे पाव रुपयासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणासाठी तीन रेघा लिहीत. टंकलेखकाने एक आणि दोन रेघा दंडाच्या कळांनी साधल्या. पाऊणासाठी मात्र त्याने कोठल्या तरी चिन्हफॉन्टातून काही उचललेले दिसते. तो फॉन्ट कोणता याचा पत्ता लागेना. चौकोन म्हणजे पाऊणच, हे आम्ही कसे ठरविले? मामंजींनी एका महिन्याचा खर्च मांडला आहे: घरभाडे ३॥, धान्य ८।, तेल १॥, दूध दोन आणि पुढे चौकोन. एकूण १६. साडेतीन, सव्वाआठ आणि दीड मिळून सव्वातेरा होतात. सोळात उरतात पावणेतीन. अशा सहा बेरजा आम्ही करून पाहिल्या, सहाही जुळल्या. संस्थानी कचेरीतील कारकुनाची बेरीज चुकणार नाही, हा भरवसा सार्थ ठरला.

या जुन्या अपूर्णांकचिन्हांनाही २००९ साली युनिकोडमध्ये स्वतःची घरे मिळाली आहेत, हे फारच थोड्यांना माहीत असेल. पाव, अर्धा, पाऊण, एक सोळांश, एक अष्टमांश, तीन सोळांश अशी निरनिराळी. २०१४ साली मोडी लिपीही तेथे दाखल झाली. ज्यांच्या घरी गायकवाडी काळातील मोडी दस्तऐवज आहेत त्यांनी त्यांचे वाचन करवून घेताना याचा विचार जरूर करावा. बडोद्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश निघाला होता. तेवढ्या भाषांचे शब्द खिळ्यांनी जुळविणाऱ्यांचे आम्हांस आजही कौतुक वाटते.

राहिला प्रश्न मेळाव्यातील पडद्यावरच्या चित्रपानांचा. नातवाने पॉवरपॉइंटवर ती फार सुंदर केली होती, पण सभागृहातील संगणकावर रंगीत तालीम घेताना मात्रा कापल्या गेल्या, ओळी चौकटीबाहेर सांडल्या आणि मुद्द्यांपूर्वीची कमळे नाहीशी झाली. कमळांचा दोष चिन्हफॉन्टाचा. ओळींचे कारण निराळे: मजकूर युनिकोडमध्येच होता, पण फॉन्ट होता मंगल. रघुनाथ कृ. जोशी यांनी आखलेला हा फॉन्ट कित्येक वर्षे प्रत्येक विंडोजमध्ये असे. विंडोज १० पासून तो मागून घ्यावा लागतो, न घेतल्यास त्याच्या जागी सहसा निर्मला येतो. अक्षरे तीच, पण उंची-रुंदी निराळी. अशा वेळी फाईल जतन करण्यापूर्वी 'ऑप्शन्स'मधील 'सेव्ह' या विभागात जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल' या चौकटीत खूण करावी, म्हणजे फॉन्ट फाईलबरोबरच प्रवास करतो. फॉन्टाच्या निर्मात्याने तशी मुभा दिलेली असली पाहिजे, ही अट. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पीडीएफची एक प्रत जवळ बाळगणे. नातवाने दोन्ही केले, आणि कमळांच्या जागी युनिकोडमधील साधे ठिपके घातले. कमळे गेल्याचे त्याला वाईट वाटले, पण सभागृहात कोणाच्या ध्यानातही आले नाही.

वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट बदलूनही बदलत नाही, आकार वाढवूनही वाढत नाही, अशी तक्रार आणखी दोघांनी केली आहे. वर्ड इंग्रजी आणि भारतीय लिप्यांचे फॉन्ट वेगवेगळे ध्यानात ठेवतो. कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या की जी चौकट उघडते तिच्यात 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा निराळा भाग असतो. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तेथे बदलावा.

मेळाव्यात मामंजींची अकरा पाने वाचली गेली, असे भगिनींनी कळविले आहे. पावणेतीन रुपयांच्या दुधापाशी त्यांच्या धाकट्या दिरांनी वाचन थांबवून विचारले की हा आकडा कोणी सांगितला, आणि उत्तर ऐकून कागद-पेन्सिल मागवून स्वतः बेरीज केली.

दिवाळी अंकासाठी साहित्य धाडणाऱ्यांनी ते युनिकोडमध्ये टंकून, सोबत पीडीएफची प्रत जोडून धाडावे. जुन्या फॉन्टात असल्यास फॉन्टाचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. हस्तलिखिते आम्ही पूर्वीप्रमाणेच स्वीकारतो, कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेली.